फिफ्टीन ना, डॉक्टर?

वाशीच्या आमच्या ऑफिसात त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. बारा वर्षं वॉर्डात उभं राहून पाय सुजायला लागले, म्हणून त्यांनी ही बसायची नोकरी धरली. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पेशंटबद्दल बोलून ठेवलेलं हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, एवढंच काम. टेप थांबवायला पायाखाली पेडल होतं. "पायांना काय सुट्टी नाय माझ्या," त्या म्हणायच्या.

माझी खुर्ची शेजारीच. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला डोस नर्सने परत म्हणून दाखवायचा, ही वॉर्डातली शिस्त. सिस्टर टेपमधल्या डॉक्टरांनाही प्रत्येक डोस परत म्हणून दाखवत. पोरी हसायच्या. मीसुद्धा हसायचे.

एक दिवस त्या मोठ्यानेच म्हणाल्या, "फिफ्टीन ना, डॉक्टर?" त्यांनी टेप तीनदा मागे नेली. सकाळी दिलेलं इन्सुलिन डॉक्टर स्पष्ट फिफ्टी सांगत होते.

सुपरवायझर म्हणाला, "सिस्टर, ऐकू येतं ते टाइप करा. उगाच टेन्शन कशाला?"

"पन्नास युनिटने माणूस जाऊ शकतो. विचारा त्यांना," सिस्टर म्हणाल्या. आकड्याची जागा कोरी ठेवून त्या त्याच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याने विचारणा करणारा फॅक्स पाठवला, तेव्हाच त्या पाय ओढत जागेवर आल्या.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, फिफ्टीनच. आम्ही टाळ्या वाजवल्या. सुपरवायझरही हसला.

सिस्टरनी आकडा भरला, हेडफोन काढला आणि त्याला विचारलं, "ते कागदावरचं झालं. पेशंटला दिलं किती?"