शोभाताईंचा वर्गातला राऊंड

वॉर्डात असताना किस्से घडतात, पण ते सांगायला सवड कुणाला असते? पुढची सलाईन संपत आलेली असते. म्हणून मग ते साठत राहतात. आम्ही काही जणी नोकरीतून रजा काढून परभणीत एम.एस्सी. नर्सिंगला एकत्र आलो आणि साठलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. नवीन घडत होतं ते वेगळंच. त्यातलं निम्मं एकट्या शोभाताईंच्या खात्यावर आहे.

शोभाताई माहेरच्या वालूरच्या, सासर मानवतचं. वॉर्डात त्यांचा दरारा असा, की पेशंटचे नातेवाईक त्यांना बघून चपला काढायचे. नव्या पोरींना पहिल्याच ड्यूटीवर बोलणी खाऊन रडताना त्यांनी फार बघितलं होतं. म्हणून ठरवलं, आपण शिकवायचं, आणि न रडवता शिकवायचं. पण वर्गात मागच्या बाकावर कुणी मार्क द्यायला बसलं, की बाईंची वाचाच बसायची.

*

ताईंच्या सासूबाईंना हे शिक्षण काही केल्या पटेना. त्यांनी विचारलं, "नर्स तर हायसच की. मग परत काय शिकायलीस?" ताईंनी समजावलं, की आता मी नर्स घडवणार.

पुढच्या आठवड्यात शेजारीण ताईंकडे आली, माझ्या नातीला आत्ताच कामाला लावून घ्या म्हणाली. आमची सून नर्सांचा कारखाना टाकायलीय, असं सासूबाईंनी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

*

पहिलं मायक्रोटीचिंग. पाच-सात मिनिटांत एकच मुद्दा शिकवायचा आणि शेवटी समोर बसलेल्या बी.एस्सी.च्या पोरींना समजलं का, असं विचारायचं. ताईंनी मुद्दा छान मांडला. मग पहिल्या बाकावरच्या पोरीच्या दंडावर हात ठेवून मायेनं विचारलं, "लय दुखलं का?"

पोरगी म्हणाली, "थोडंसं."

*

पुढचा डेमो पुतळ्यावर होता, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालण्याचा. ताईंनी पुतळ्याला चादर पांघरली, "भाऊ, घाबरू नका" म्हणाल्या. इथवर ठीक होतं. मग सवयीनं मागं वळून त्यांनी वॉर्डातला आवाज काढला, "नातेवाईकांनी बाहेर थांबा."

अख्खा वर्ग उठून बाहेर गेला. आमच्या मॅडम मार्क द्यायला आल्या तेव्हा आत फक्त ताई आणि पुतळा. तरी प्रायव्हसीचे मार्क पूर्ण मिळाले.

*

हसलो खूप, पण नंतर ताई गप्प गप्प राहायला लागल्या. कॉलेजातल्या शेवटच्या सरावात त्या फळ्यापुढं नुसत्या उभ्या राहिल्या होत्या, एक शब्द फुटला नव्हता. आता बाहेरून परीक्षक येणार होते. त्यात नापास म्हणजे शिकवणं विसरायचं आणि गुपचूप वॉर्डात परतायचं. आदल्या दिवशी ताई मला म्हणाल्या, "मला भ्याव वाटायलंय गं. पोरींचं न्हाई, त्या मागच्या खुर्चीचं." मलाही त्यांची काळजी वाटत होती. त्यांच्याइतक्या जिव्हाळ्यानं शिकवणारं आमच्यात दुसरं कुणी नव्हतं.

परीक्षेचा विषय होता बी.पी. घेणे. आम्ही दाराच्या फटीतून बघत होतो. परीक्षक सर आत आले, वयानं मोठे, चष्मा नाकावर. ताईंनी त्यांना बघितलं आणि डॉक्टरांच्या राऊंडची इतक्या वर्षांची सवय आडवी आली. खडू खाली ठेवून त्या तडक पहिल्या बाकापाशी गेल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग सर. बेड नंबर एक."

आम्ही कपाळाला हात लावला. सर मात्र खुर्चीकडं न जाता बाकापाशी आले. काय तक्रार आहे, म्हणून गंभीरपणे विचारलं. ताईंनी सांगितलं, ह्या पोरीचं पाठांतर उत्तम, पण पेशंटला हात लावायला भिते, म्हणून मी तिला रोज माझंच बी.पी. घ्यायला लावते. सर पुढच्या बाकाकडं वळले. ताईंचा आवाज आता वॉर्डातल्यासारखा खणखणीत लागला होता. कुणाला काय येतं, कुणाचं कुठं अडतं, सगळं तोंडपाठ.

बेड नंबर चार म्हणजे चारठाण्याकडची एक पोर. घरची मेंढरं, कॉलेजात आल्यापासून कुणी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. ताई म्हणाल्या, "सर, ॲडमिट झाली तवा ही बोलतच नव्हती. आज तुमचं बी.पी. हीच घेईल."

सर निमूट बसले. पोरीनं त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोप कानात घातला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सर, आता बोलू नका."

हवा भरत असताना सरांनी हळूच ताईंकडं बघून विचारलं, "सिस्टर, डिस्चार्ज कधी?"

ताईंनी विचारलं, "कुणाचा सर? ह्या पोरींचा, का माझा?"

"तुमचा. आजच. बऱ्या झालात की."

पोरीनं मान वर केली.

"सर, बोलू नका म्हणलं ना मी."