घरचीच दोन मतं

जेवण उरकून सोप्यात चटईवर आडवी होते. आत सून भांडी घासतेय, तो आवाज हळूहळू लांब जातो. डोळा लागतोय न लागतोय तोच उशाशी कुणीतरी येऊन बसतं.

"आक्का, जागी हाईस?"

आबा. माझे वडील. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. वीस वर्षं गावचे सरपंच होते. एकोणऐंशीव्या वर्षी पुन्हा उभे राहिले, तेव्हा सव्वीस वर्षांच्या रेश्मा चौगुलेनं त्यांना सतरा मतांनी पाडलं. माझं सासरही याच गावात, म्हणून माझं मतही इथलंच.

मी उठून बसते तर आम्ही शाळेत आहोत. पाचवीच्या वर्गात पुठ्ठ्याच्या आडोशाला मतदानाचं यंत्र. फळ्यावर सतराचा पाढा अर्धाच पुसलेला.

"आबा, एक सांगायचं राहिलं. मी मत रेश्माला दिलं."

ते लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसतात. "म्हातारा झालो म्हणून?"

"वयाचं नव्हतं हो. त्या महिन्यात मला दोनदा आईच्या नावानं हाक मारलीत. ग्रामसभेत वाचलेलाच ठराव पुन्हा वाचलात. लोक हसले. मला नाही बघवलं."

"मग तवाच सांगायचं न्हाईस?"

"धीर झाला नाही."

आबा मान हलवतात. "मीबी तिलाच दिलं."

मी त्यांच्या शेजारी बाकावर टेकते.

"पाण्याच्या टाकीची शिडी मला चढवंना झालती. ती पोरगी वर चढली, आत वाकून बघितलं, अन् खाली येऊन मलाच झाडलं, किती गाळ साठलाय म्हणून. बटनापाशी बोट गेलं तवा त्येच आठवलं. साठीचा कुणी चढला असता तर त्याला दिलं असतं."

"मग अर्ज कशाला भरलात?"

"सवय गं."

"म्हणजे घरचीच दोन मतं गेली की!"

दोघंही पोट धरून हसतो. हसता हसता टाकीच्या शिडीवर आहोत; आबा पुढे, भराभर चढतायत. वर जाऊन झाकण सरकवतात, आत हात बुडवतात.

"तळ दिसतोय बघ. चांगलं केलंय पोरीनं." तोच गार हात माझ्या खांद्यावर ठेवतात. "तूबी बरं केलंस."

"आत्याबाई, चहा ठेवू?" सून दारातून विचारते.

मी उठून बसते. डोळे कोरडेच. खांद्यावर पदर ओला आहे, तळहाताएवढा.