अँडगेट

आमचा अँडगेट स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. सांगलीच्या होस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. वाचायचा तोही येरझाऱ्या घालत. एका फेरीत सर्किटचं पुस्तक, दुसऱ्या फेरीत इतिहासाचं. डोकं माझं गरगरायचं. "बस की लेका," म्हटलं तर म्हणायचा, "बसलो की झोप येती गड्या."

नाव वर्गानं ठेवलेलं. पोरगा इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि कॅन्टीनमध्ये "वडा की मिसळ?" विचारलं तरी "दोन्ही" म्हणणारा. अँडगेट म्हणजे सर्किटमधला एक तुकडा, त्याचे दोन्ही इनपुट चालू असले तरच आउटपुट मिळतं, म्हणून ते नाव. एक जरी बंद पडलं तर हाती शून्य येतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ते आम्ही हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या वर्षी त्यानं काढलं, इंजिनिअरिंगबरोबर इतिहासाची बी.ए. करायची. आता एकाच वेळी दोन पदव्या घेता येतात, हे मला त्यानंच ऐकवलं. त्याचं घर वडूजकडचं, मेंढपाळांचं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारी माणसं. "इतक्या पिढ्या आमी चालतोय, पर पुस्तकात आमची वाट कुठं हाय का?" तो विचारायचा. "मग इंजिनिअरिंग सोड," मी म्हणायचो. "का सोडू? ते बी लय आवडतंय." सकाळी एक निर्णय, संध्याकाळी दुसरा. त्याची घालमेल मलाही चिकटली, मराठीची बी.ए. करावी असं माझ्याही मनात घोळू लागलं, त्याला तसं बोलूनही दाखवलं.

एकदा त्याचे वडील, आबा, भेटायला आले. यानं धीर करून विचारलं, "आबा, तुमी मेंढरं बी राखताय, शेती बी करताय. मग मी दोन्ही केलं तर?"

आबा बशीतला चहा संपवून म्हणाले, "आरं, आमी हौसंनं करतोय व्हय? एकानं पोट भरंना म्हणून दुसरं. मेंढरामागं गेलं की रान बोंबलतंय." मला वाटलं, संपलं. पण उठता उठता ते म्हणाले, "तुला दोन्हीची भूक हाय, ते येगळं. त्यातलं आमाला कळत न्हाई. तूच बघ." दुसऱ्याच दिवशी त्यानं मुक्त विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश घेतला. आपल्या जिल्ह्याचं बरं म्हणून परीक्षेचं केंद्र साताऱ्याचं मागून घेतलं. मी प्रवेश घेतला नाही.

पुढच्या वर्षी नेमके दोन पेपर एकाच दिवशी आले. सकाळी सांगलीत इंजिनिअरिंगचा सिग्नल्स, दुपारी साताऱ्यात इतिहास. हा तासाभरातच उठला, अर्धी उत्तरपत्रिका कोरी देऊन एस.टी.कडे पळाला. इतिहासात उत्तम पास झाला. सिग्नल्स राहिला, आधीचेही विषय तुंबलेले. इंजिनिअरिंगचं वर्ष गेलं.

मी वेळेत पास झालो, पुण्यात नोकरी लागली. निघालो तेव्हा तो स्टँडवर सोडायला आला. मला राहवलं नाही. विचारलं, "चुकलं का रे तुझं?"

"चुकलं असंल," तो म्हणाला. "पर पेपर सोडला ते चुकलं, का सांगलीला आलो तेच चुकलं, ते ठरंना. दोन्ही अजून आवडतंयच की." मग खिडकीशी येऊन म्हणाला, "आन् तुझ्या मराठीचं काय रं?"

गाडी सुटली म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. पुणं येईपर्यंत मी त्याच्यावर चिडत होतो. अजूनही चिडतो.