खाडाखोड नसलेला फॉर्म

तुरुंगात आलेला नवा कैदी आधी माझ्या वजनकाट्यावर उभा राहायचा, मग शेजारच्या टेबलावर कारकूनभाऊंकडे जायचा. मी तिथली नर्स. वीस वर्षं भाऊंच्या कोपराला कोपर लावून बसले, म्हणून सांगते, माणूस वाईट नव्हता. प्रत्येकाला आधी पाणी विचारायचे. पण खाडाखोडीचा असा तिटकारा, की विचारू नका!

येणारे सगळे एकाच साच्यातले. शाळा अर्धवट, दात किडलेले, काम रोजंदारीचं. फॉर्ममध्ये शेवटचा रकाना होता, 'घरी तुमच्यावर अवलंबून कोणी?' कोणी असलं आणि गुन्हा किरकोळ असला, तर न्यायाधीश माणसाला घरी ठेवत. रविवारी सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची, आठवड्याला हजेरी द्यायची, झालं. पण बहुतेकांना घरच्यांनी कधीच टाकलेलं असायचं. एकदा रांगेला वैतागून मीच म्हटलं, "भाऊ, सकाळीच सगळ्या फॉर्मवर 'नाही' लिहून ठेवा की!" भाऊंना ते लगेच पटलं, दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं.

मग तो वेल्डर आला. मुकादमाशी भांडून त्याच्या गाडीची काच फोडली होती.

"आई अंथरुणाला खिळलीय," तो म्हणाला. "तिला मीच भरवतो. शेजारीण दोन दिवस बघेल, फार तर."

भाऊंचं पेन थबकलं.

"खोडा ना," मी कुजबुजले.

"ताई, खाडाखोड दिसली की कोर्ट फॉर्म परत पाठवतं. मग साहेबांची बोलणी कोण खाणार? आजवर एक रेघ मारली नाही मी."

काट्यावर पुढचा माणूस उभा होता. मी त्याचं वजन घेतलं.

न्यायाधीशांनी 'नाही' वाचलं आणि तीन महिने दिले.

एकोणिसाव्या दिवशी त्याची आई गेली. नोंद बदलायला वेल्डरला पुन्हा टेबलापाशी आणलं. भाऊंनी फॉर्म काढला, पेन उघडलं, शेवटच्या रकान्यापर्यंत आले आणि पेन मिटून ठेवलं. बदलायला काही नव्हतंच.

वेल्डरने वाकून वाचलं. चौथीपर्यंत शिकलेला होता.

"हे कधी लिहिलंत?" त्याने विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वच्छ वजनकाटा पुसायला घेतला.