ज्वारी खाणाऱ्या उंदराचं पाप

आई उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सांडलेलं धान्य झाडायची. तिच्या छातीत गाठ झाली, तेव्हा लोकांनी ते तिचं पाप ठरवलं आणि आम्हा बहिणींकडंही तसंच बघितलं.

मोंढ्यात उंदीर पकडणारा एक म्हातारा होता. मेलेला प्रत्येक उंदीर तो पोट चाचपून मगच टाकायचा. एकदा मला म्हणाला, "पोरी, हे पांढऱ्या ठिपक्याचं घराणं बघ. मायला गाठ, लेकीला बी गाठ. हिनं कोणचं पाप केलं? ज्वारीच खाल्ली ना. रक्तातलं हाय हे."

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

आज प्रयोगशाळेत मीही उंदराचं पोट आधी बोटांनी चाचपते. आईच्या आणि आम्हा बहिणींच्या रक्तात सापडलेला जनुकाचा दोष मी उंदरांत घातला. त्यांच्या लेकींनाही गाठी झाल्या. आईचं पाप नव्हतं, हे मी सिद्ध केलं.