मीठवाली अक्का आणि माझं रसायन

सुप्याच्या बाजारात मीठ विकणाऱ्या अक्काचं नाव मी कधी विचारलं नाही. माप भरून झालं की ती वर एक मूठ टाकायची आणि स्वतःच्याच बोलण्याला "खरं हाय" म्हणायची. मी धारवाडहून शास्त्र शिकून आलेला नवा मास्तर. एकदा तिलाच नवा सिद्धांत ऐकवला. मिठात एक अणू आपला इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देऊन टाकतो, साखरेत अणू तो भागीत वापरतात.

"देतो आन् परत मागत न्हाई?"

"नाही. त्या देण्यानंच दोघं घट्ट धरले जातात."

"खरं हाय."

शाळा तपासायला इन्स्पेक्टर यायच्या सकाळी माझी फजिती झाली. मीठ आणि साखर मीच हौसेनं कुटून पिठासारखी केली होती, आणि आता कुठल्या पुडीत काय ते कळेना. प्रयोगाची वस्तू चाखायची नाही, हा नियमही माझाच. मी बाजारात धावलो. अक्का लोखंडी पळी घेऊन शाळेतच आली. निखाऱ्यावर एक चिमूट वितळून काळी पडली, दुसरी तशीच राहिली.

"काळी झाली ती साखर," ती म्हणाली.

तोच प्रयोग मी साहेबांपुढे केला. मिठातली पकड आचेला दाद देत नाही, साखरेचे रेणू एकमेकांना सैल धरतात, हेही ऐटीत सांगितलं.

"प्रयोग कुणी सुचवला?"

"मीच."

अक्का अजून दारातच होती.

"व्हय सायब," ती म्हणाली, "आमचं मास्तर लई हुशार हाईत."

तेव्हापासून मीठ आणायला मी बायकोला पाठवतो.