डाव्या हाताचं जंगल

सिंदेवाहीच्या पल्याड, जंगलाच्या गेटावर दिव्यानी गाईड होती. परदेशी पाहुणे जिप्सीत बसले की ती आधी दोनच शब्द विचारून घ्यायची: डावं आणि उजवं. वाघ दिसल्यावर इंग्रजी आठवत बसायला कुणाला वेळ असतो? फ्रेंचांचं गोश आणि द्रुआत, इटलीवाल्यांचं सिनिस्त्रा आणि देस्त्रा तिच्या जिभेवर बसलं होतं.

त्या सकाळी स्पेनच्या मार्ताबाई होत्या. इस्किएर्दा म्हणजे डावं, देरेचा म्हणजे उजवं. डाव्यासाठी त्यांचाही जुना शब्द इटलीवाल्यांसारखाच होता म्हणे. पण त्याला अरिष्टाचा वास यायला लागला. लोकांनी तो टाकला आणि शेजारच्या बास्क लोकांचा शब्द घेतला.

दिव्यानीने हे ड्रायव्हर हेमराजला सांगितलं.

"शेजाऱ्याकडून विरजण आणावं तसं?" तो हसला.

"हसू नका भाऊ. आपन तरी जंगलात त्याचं नाव घेतो काय?"

"नाई. मामाच म्हनतो." जंगलात वाघाला वाघ म्हणायचं नाही, असा रिवाज होता.

तेवढ्यात डावीकडच्या बांबूत वानर खेकसलं, वाघ दिसल्याचा इशारा. हेमराजने ब्रेक दाबला. "कोन्त्या हाताले, वहिनी?"

बांबूच्या पलीकडे मोहाची झाडं होती. पहाटेच सासू, सुगंधाबाई, टोपली घेऊन तिथं फुलं वेचायला गेली होती. वाघ रस्त्याच्या आणि मोहाच्या मधोमध होता. गाडीने रस्ता अडवला, तर तो वळणार मोहाकडेच.

"उजव्या हाताले," ती म्हणाली.

"आवाज तं डावीकडून आला."

"घुमते तो. पुढं घ्या, वळणावर." आणि मार्ताबाईंकडे वळून, "देरेचा."

कॅमेरे उजवीकडे वळले. गाडी पुढे सरकली. दिव्यानीने मागे पाहिलं. रस्ता मोकळा दिसताच तो बांबूतून बाहेर आला, सावकाश रस्ता ओलांडून उजवीकडच्या गवतात शिरला. ती पुढे वळून बसली.

पण डावीकडचं वानर थांबेना. त्याचा आवाज आता आत, मोहाकडे सरकत होता.

"दोघं हायेत," ती पुटपुटली. "भाऊ, गाडी मागं घ्या. हॉर्न मारा."

"जंगलात हॉर्न? गेटावरून काढून टाकतीन दोघायले."

"मारा. माही सासू हाये तिकडं."

हेमराजने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पंजा हॉर्नवर दाबून धरला. त्याने हात उचलला तेव्हा वानर गप्प झालं होतं; दुसरा वाघ पळाला की दडला, कळेना.

"माय, ओ दे," सीटवर उभी राहून दिव्यानी हाका मारत राहिली. "ओ दे, माय."

मोहाकडून ओ येत नव्हती.